पहिलटकरीण

घोडी आणली भावाने आणि निस्तरायचं आलं ताईकडे. गावाबाहेरच्या तबेल्यात दोघं बहीण-भाऊ घोडेस्वारी शिकवत. खरेदी-विक्री त्याच्याकडे, घोड्यांना वळण लावणं तिच्याकडे. नवी घोडी तपकिरी, लांब पायांची, तीन वर्षंही पुरी न झालेली.

थोड्याच दिवसांत तिचं पोट सुटलं. खाणं जास्त होतंय असं वाटून भावाने तिचा भरडा निम्म्यावर आणला. तरी पोट आपलं वाढतच होतं. शेवटी जंत झाले असतील म्हणून त्याने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाईंनी कोपराच्या वरपर्यंत हातमोजा चढवला, नीट तपासलं आणि म्हणाल्या, "जंत आहे खरा, पण चार पायांचा."

आधीच्या मालकाने नर-माद्या एकाच कुरणात मोकळ्या सोडल्या होत्या, हे फोनवर उघड झालं. घोडी परत घ्यायची त्याची तयारी होती. बाईंनी मात्र बजावलं, की ही स्वतःच अजून पोर आहे, हाडं भरायचीत, आणि दिवस भरत आलेत. भावाचं म्हणणं, आपल्याला बाळंतपणाचा अनुभव शून्य, विकतचं दुखणं घ्यायचंच कशाला?

"ज्याने असं मोकाट सोडलं, त्याच्याच दारात पुन्हा पाठवायची नाही," ताई म्हणाली. "मी करते तिचं."

तिने दोन ठाणांमधली लाकडी भिंत स्वतःच्या हाताने काढली आणि आत जाडजूड पेंढा अंथरला. सकाळ-संध्याकाळ ती घोडीला हाताशी धरून फिरवी. भरड्याचं माप भाऊच पुन्हा भरून घालू लागला. घोडीला पोटाखाली हात मुळीच खपत नसे. ताई रोज ओलं फडकं घेऊन बसे आणि कुशीपासून हळूहळू कासेकडे सरके. एकदा मांडीवर सणसणीत लाथ बसली. ती लंगडत घरी गेली, दुसऱ्या दिवशी लंगडतच परत आली, फडकं घेऊन.

घोड्या सहसा रात्री वितात. हिने भर सकाळी, मैदानात शिकवणी रंगात आली असताना, कळा दिल्या. भावाने शिकाऊ मंडळींना खाली उतरवलं, ताई ठाणात धावली. बाई अजून वाटेत होत्या. शिंगराचे पुढचे पाय आणि नाकाचं टोक बाहेर आलं, आणि घोडी दमून पडून राहिली. बाई फोनवर सांगत होत्या, तसं ताईने टॉवेलमध्ये पाय धरून प्रत्येक कळेबरोबर खाली ओढलं. घामाघूम झाली, पण शिंगरू सुटलं. जिवंत.

खरी परीक्षा पुढेच होती. शिंगरू धडपडत उभं राहून आचळ शोधू लागलं, तशी घोडीने कान पाडले आणि लाथ झाडली. आपल्यातून हे काय निघालं, तिला कळेना. बाईंनी येताच सांगितलं, की आजच्या आज चीक पोटात गेला नाही तर पिल्लू हाती लागणार नाही. बाटलीने पाजा आणि दोघांना वेगळं ठेवा.

"बाटलीने पाजते," ताई म्हणाली. "वेगळं नाही ठेवणार."

एवढ्या दिवसांची सवय कामी आली. घोडीने तिला चीक काढू दिला. तो पाजून झाल्यावर भावाने म्होरकी धरली, लाथ मारता येऊ नये म्हणून पुढचा एक पाय उचलून धरला, आणि ताईने शिंगरू कासेला लावलं. घोडी किंचाळून बाजूला सरली. पुन्हा लावलं. पुन्हा सरली. दुपार कलली, भावाचे हात भरून आले, तरी ताई काही मागे हटेना. मग केव्हातरी घोडीने मान वळवली, शिंगराचा पुठ्ठा हुंगला आणि घशातल्या घशात हळूच, मायेने हुंकारली.

"सोड पाय," ताई म्हणाली.

"नक्की?"

"सोड."

पाय जमिनीवर टेकला. घोडी जागची हलली नाही. शिंगरू चुटूचुटू पिऊ लागलं.

भाऊ भिंतीला टेकून मटकन खाली बसला. त्याने विचारलं, "उद्याच्या शिकवण्या?"

"तू घे," शिंगरावरची नजर न काढता ती म्हणाली.