काकडीचा घोडा आणि तिसरा मजला

आमच्या चढावर आजोबांच्या काळातला एक दगड होता. तेव्हाची मोठी लाट जिथवर आली, तिथे रोवलेला. त्यावर कोरलंय: 'याच्या खाली घर बांधू नका.' आम्ही त्याला दरवर्षी धुवायचो, फुलं वाहायचो आणि त्याच्याच खाली घरं बांधायचो. समुद्र जवळ पडतो ना!

दोन वर्षांमागच्या लाटेनं ती सगळी नेली. वाचलं एकट्या तोकुजिरोचं. त्याचं फक्त स्वयंपाकघर गेलं. पण स्वयंपाकघरात त्याची बायको शिमो होती. ती सापडलीच नाही.

आम्ही बाकीच्यांनी दगडाच्या वर नवी घरं बांधली. आता नगरपालिकेनं ठरवलं, दगडाच्या खालचं एकही घर ठेवायचं नाही. तोकुजिरोचं छप्पर दगडाच्या वर, उंबरठा खाली. त्याला शहरात फ्लॅट मिळाला, तिसऱ्या मजल्यावर.

"ओबोनला शिमो यायची कशी?" तो ओरडला. ओबोनला आमची गेलेली माणसं घरी येतात. दारात आग पेटवायची, काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करायचा, त्यावर बसून येतात. "तिथे आग पेटवायला बंदी! आणि काकडीचा घोडा काय लिफ्टमध्ये चढणार?"

"ती तुला टाळायलाच तिकडे समुद्रात बसलीय, तोकू," शेजारची हात्सुनो म्हातारी म्हणाली. "घोडा कसला पाठवतोस, विमान पाठव."

पण तोड तिनंच काढली. "दगडच खाली आणू. तुझ्या उंबरठ्याखाली रोवला की झालं."

दाट धुकं पडलं तसे आम्ही सगळे म्हातारे होड्यांचे दोर घेऊन चढलो. कुणाची कंबर धरलेली, कुणाचा गुडघा गेलेला. मुळाशी खणलं, ओढलं. दगड पाहुण्यासारखा वाकला आणि सुटला. तोकुजिरोच्या दारावरून गेला, समुद्री शेवाळ वाळवायच्या जागेवरून गेला, धक्क्यावरून उडी मारली आणि धबाक्!

आम्ही रिकामे दोर गोळा केले.

"उंबरठ्याच्या खाली गेला एवढं खरं," हात्सुनो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचे काकिझाकीसाहेब आले. खड्ड्यात बघितलं, मग समुद्रात. ओहोटी होती, दगडाचं डोकं दिसत होतं.

"बघा साहेब!" तोकुजिरो नाचायचाच बाकी. "अख्खं गाव दगडाच्या वर आलं!"

साहेबांनी वाकून नमस्कार केला. फार सभ्य माणूस. "आजोबा, दगड घसरला म्हणजे डोंगर सुटलाय. आता वरची घरंही रिकामी करायला हवीत. ओबोनच्या आत."

वरची घरं म्हणजे आमची!

"डोंगर कसला सुटतोय! मी ढकलला!" तोकुजिरोनं त्यांची बाही धरली. "आम्ही सगळ्यांनी ढकलला!"

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. काठ्या, वाकलेल्या पाठी, हात्सुनोचा कमरेचा पट्टा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "गावासाठी किती जीव तुटतो तुमचा," ते म्हणाले, आणि गेले.

न्यायला बस आली त्या सकाळी तोकुजिरो ओहोटीत गुडघाभर पाण्यातून दगडापर्यंत गेला. दगडावर त्यानं काकडीचा घोडा ठेवला, तोंड शहराकडे करून.

"शिमो, तिसरा मजला. आगबिग नसेल. जिन्यानं ये, लिफ्टला घाबरशील."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. हात्सुनो त्याच्यावर खेकसली, "थांब की मेल्या! बाईमाणसाला पत्ता सांगतोय तो."

तेवढ्यात एक छोटीशी लाट आली. घोडा उचलला गेला, गोल फिरला आणि समुद्राकडे तोंड करून निघाला. तोकुजिरो मागे धावला. पाणी छातीपर्यंत आलं तरी तो हाका मारत होता, "अगं तिकडे नाही! इकडे! इकडे!"