निर्झर सोसायटीत पाणी आलं नाही

आमच्या घरात पाणी आलं होतं. हे वाक्य आमच्या निर्झर सोसायटीत मोठ्याने बोलायची आता सोय राहिलेली नाही. बोललात तर लोक असे बघतात, की लग्नघरात मयताचा विषय काढलात जणू.

पण आलं होतं. स्वारगेटच्या मागे, ओढ्याला लागून आमची इमारत. बांधताना बिल्डरने ओढा निम्मा बुजवला, त्यावर पार्किंग केलं आणि जाहिरातीत छापलं, 'निसर्गाच्या सान्निध्यात'. विश्रांतवाडीच्या दोन खोल्यांतून आम्ही हौसेने इथे आलो, तळमजला घेतला. पुढे एका भाद्रपदात वरच्या अंगाला धो धो पाऊस झाला आणि निसर्ग सान्निध्य सोडून थेट माझ्या स्वयंपाकघरात आला.

आमचे हे, सुदर्शन, तेव्हा पलंगावर पडून होते. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि पाठोपाठ अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलतात, पण एकेक शब्द ओढून काढावा लागतो. पाणी गादीत शिरलं तरी हे छताकडे बघत पडलेले. मी केवढ्याने किंचाळले! नशीब, रविवार होता. वरच्या मजल्यांवरची पोरं घरी होती. ती धावत खाली आली, चौघांनी ह्यांना चादरीत घालून वर नेलं, म्हणून माणूस राहिला. त्या पोरांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांच्या आईबापांचे मात्र विसरायला तयार आहे.

कारण चिखल वाळायच्या आत सोसायटीने भिंतींना रंग काढला. मी विचारलं तर आमचे सेक्रेटरी श्रीनिवास म्हणाले, "पाण्याचा काय संबंध? दिवाळी आलीय म्हणून."

मग पुढच्या वर्षी त्यांनी सभा बोलावली. गृहस्थ बँकेतून निवृत्त, आवाज कायम मऊ. म्हणाले, महापालिका शहराचा पुराचा नकाशा करून घेतेय. एका कंपनीला काम दिलंय. पाऊस, उतार, ओढ्याची रुंदी, सगळं कॉम्प्युटरमध्ये घालणार आणि घरोघरी येऊन विचारणार, मागच्या वेळी पाणी कुठवर आलं. जिथे धोका दिसेल तो भाग नकाशात लाल. लाल भागाला ओढ्याकडून भिंत मिळणार. पाणी चढायला लागलं की आधी घरोघरी फोन जाणार, आणि अग्निशमनची गाडी येऊन उभी राहणार.

मला तर हायसं वाटलं. ह्यांना हलवायचं तर माणसं गोळा करावी लागतात, त्याला वेळ लागतो. तासभर आधी कळलं तरी आमचं काम होतं. मी मनात म्हटलं, चला, पालिकेला एकदा तरी अक्कल आली.

"म्हणजे बघा," श्रीनिवास म्हणाले, "लाल रंग लागला की संपलंच सगळं. रिडेव्हलपमेंटला बिल्डर येणार नाही. फ्लॅटला गिऱ्हाईक फिरकणार नाही. तेव्हा सगळ्यांनी एकच सांगायचं. आवारात पाणी साचलं, घरात आलं नाही."

मी उभी राहिले. पालिकेच्या शाळेत जन्म घालवलाय, आवाजाला माईक लागत नाही. "मग माझ्या घरात काय गुलाबपाणी शिंपडलं होतं का हो?"

"सुशीलाताई, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तुमची मूठ झाकायला माझा नवरा बुडवायचा का?"

"तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीची तक्रारच असते," ते म्हणाले, मऊच. ते 'तुमच्याकडे' माझ्या घराला लागू होतं की आणखी कशाला, ते मी विचारलं नाही. पुण्यात असं विचारायचं नसतं, आपलं आपण समजून घ्यायचं असतं. ठराव एकमताने मंजूर झाला. माझं मत धरलंच नाही, कारण फ्लॅट आता मुलाच्या नावावर आहे. वर बटाटेवडे झाले.

मी ठरवलं, मरू देत ठराव. माझ्या दारात कुणी विचारायला आलं की मी खरं ते सांगणार.

विचारायला निकिता नावाची मुलगी आली. अंगात कंपनीचं जाकीट, हातात टॅब, बोलायला गोड. मागे श्रीनिवास होतेच, पाव्हण्याला देऊळ दाखवायला निघाल्यासारखे. आणि त्या दिवशी माझा मुलगा अनिरुद्धही रजा टाकून आला होता. खराडीला मोठ्या कंपनीत आहे तो. एरवी फोन उचलायला फुरसत नसते. मला वाटलं, पोरगं आईच्या बाजूने उभं राहायला आलंय. आईची जात मूर्खच.

"काकू, मला फक्त लेव्हल दाखवा," निकिता म्हणाली.

मी पलंगाजवळ गेले. गादीवर हात ठेवला. "इथवर. ह्यांची पाठ भिजली होती."

तिने टेप काढला. तेवढ्यात अनिरुद्ध पुढे झाला. "मॅडम, एक मिनिट. बाबांच्या आजारपणापासून आईचं जरा... ती गोष्टी मिक्स करते. समोरच्या वस्तीत पाणी शिरलं होतं, ते टीव्हीवर सारखं दाखवत होते. ते आपल्याकडेच झालं असं तिला वाटतं."

आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या मायेने, की त्या पोरीच्या डोळ्यांत माझ्यासाठी कणव आली. मी बहात्तर वर्षांची बाई, चौथीच्या पोरांना सगळ्या महाराष्ट्राचा भूगोल शिकवलेली, माझ्याच घरात माझ्याच पोटच्या पोराने मला वेडी ठरवलं. तेही प्रेमाने! हात झटकला मी. "ह्यांना विचारा! ज्यांच्या गादीत पाणी शिरलं त्यांनाच विचारा ना!"

निकिता वाकली. "काका, घरात पाणी आलं होतं का?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग अनिरुद्धकडे. अनिरुद्ध खाली फरशीकडे बघत होता. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. लहानपणी चोरी पकडली की व्हायच्या तशा.

"नाही," हे म्हणाले.

वर्षभरात इतका स्वच्छ शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. निकिताने टेप गुंडाळला.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "का? अहो, का?" त्यांनी बराच वेळ ओठ हलवले. "पोरगं... खोटं... पडलं असतं."

"आणि तुम्ही मेलात म्हणजे?"

त्यांनी डोळे मिटून घेतले.

अनिरुद्ध स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "आई, तुमच्यासाठीच करतोय गं. हा फ्लॅट विकला की खराडीला सातव्या मजल्यावर घेतोय. लिफ्ट आहे, बाबांना खोली आहे. लाल लागला असता तर कुणी घेतला असता का हा? दिवाळीपर्यंत सगळं होईल."

"आणि तोवर?"

"तोवर काय होतंय?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी भाकरी थापायला घेतली. त्याला जेवायला वाढलं. तो जेवलाही.

नकाशा आला. श्रीनिवास पेढे घेऊन दारोदार फिरले. "आपण पांढऱ्यात!" ओढ्यापलीकडची वस्ती लाल, अलीकडे आम्ही पांढरे. पाणी काय ओढ्यात उभं राहून विचारणार आहे, वस्ती कुठली आणि सोसायटी कुठली? पेढा मी घेतला नाही. ह्यांनी घेतला, आणि अर्धा तोंडात तसाच धरून बसले.

उन्हाळ्यात पलीकडच्या काठाला काँक्रीटची भिंत उभी राहिली. चांगली उंच, भक्कम. वस्तीतल्या बायका तिच्यावर गोधड्या वाळत घालायच्या. त्यांना मिळाली याचं वाईट नाही वाटलं, त्यांच्या हक्काचीच होती. पण ओढ्याला भिंत एकाच बाजूला. आता पाणी पसरणार म्हणजे कुठे पसरणार, हे सांगायला कॉम्प्युटर लागतो का? मी श्रीनिवासांना तेवढंच विचारलं. ते म्हणाले, "तज्ज्ञांनी विचार केला असेलच की."

तो पावसाळा कोरडाच गेला. दिवाळी आली, गेली. गिऱ्हाईकं यायची, खिडकीतून ओढ्याकडे बघायची, कळवतो म्हणायची. अनिरुद्ध दर वेळी म्हणायचा, पुढच्या महिन्यात नक्की. असं करत पुन्हा पावसाळा आला.

ऑगस्टातला बुधवार, दुपारची वेळ. आमच्याकडे पाऊस बेताचाच होता, पण ओढ्याचा आवाज बदलला तसं मी खिडकीशी गेले. पलीकडे भिंतीवरून वस्तीतली धावपळ दिसत होती. त्यांचे फोन वाजले होते. बायका पोरांना, बोचक्यांना घेऊन वर रस्त्याला लागल्या होत्या. अग्निशमनची लाल गाडी येऊन उभी होती. माझा फोन हातात होता, गप्प.

मी खिडकीतून ओरडले. एका जवानाने बघितलं. मधला पूल पाण्याखाली गेलेला. त्याने हात हलवून खूण केली, वर जा. वर जा! तेवढं मलाही कळत होतं, बाबा.

जिन्यात जाऊन हाका मारल्या. कामाचा दिवस, सगळे ऑफिसात. श्रीनिवास बंगळूरला लेकीकडे. उत्तर दिलं ते कुणाच्या तरी कोंडून ठेवलेल्या कुत्र्याने. परत येईतो पाणी उंबऱ्यावरून आत आलं होतं. मी अग्निशमनला फोन लावला, ते म्हणाले, वळसा घालून पाठवतो, वेळ लागेल. मग अनिरुद्धला लावला.

"अन्या, पाणी आलं रे. ये लवकर, कुणाला तरी पाठव."

"थांब, थांब, एक सेकंद." टकटक आवाज आला. "आई, घाबरू नकोस. मी आत्ताच नकाशा उघडला. लाल सगळं पलीकडे आहे. आपली बिल्डिंग पांढरी आहे. आवारात साचलं असेल, घरात नाही येणार."

तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलताना त्याचा आवाज मला कळतो. त्याचा त्या नकाशावर खरोखर विश्वास होता.

"अन्या, माझे पाय पाण्यात आहेत."

"आई, तू पॅनिक झालीस की असं होतं. बाबांना दे बरं फोन."

मी फोन बंद केला. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. मी ह्यांच्या काखेत दोन्ही हात घातले आणि जोर लावला. हे माझ्याने उचलले जात नाहीत. मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. डाव्या हाताने ते मला दाराकडे ढकलत होते.