लाइट बघण्यापुरती

पाचोऱ्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बियाण्यांच्या दुकानाला लागून एक लांबट खोली आहे. पुढे स्टुडिओ, मागे घर. पाटीवर ‘सविता फोटो’ असं लिहिलेलं, पण फोटो काढायचे मोतीलाल. सविताबाईंचं काम एकच होतं, लाइटला उभं राहायचं. गिऱ्हाईक आरशासमोर केस विंचरत असलं की मोतीलाल आतल्या घराकडे तोंड करून हाक मारत, “सविता, जरा उभी राहा, लाइट बघू दे.” हात पिठाचे असोत की साबणाचे, सविताबाई ते पदराला पुसत यायच्या आणि फरशीवरच्या लाल खुणेवर उभ्या राहायच्या. हनुवटी जराशी खाली, नजर कॅमेऱ्याच्या किंचित वर. एक फोटो निघायचा. त्यात बघून मोतीलाल दिवे पुढेमागे करायचे आणि तो फोटो पुसून टाकायचे. लाइट बघण्यापुरता काढलेला फोटो कोण ठेवतं?

मोतीलाल गेले त्याला आता दुसरं वर्ष लागलं होतं. शाळेच्या दाखल्याचे, पासपोर्टचे फोटो सविताबाई स्वतःच काढत. इतकी वर्षं उजेडात उभ्या राहिलेल्या बाईला उजेड कळणारच. अडचण वेगळीच होती. त्यांच्यासाठी लाइटला उभं राहायला कोणी नव्हतं. त्या स्टुलावर पाण्याचा तांब्या ठेवत आणि त्याच्यावर उजेड बघत. तांब्या चकाकायचा, माणूस चकाकत नाही. पण चालून जायचं.

मुलगा जीवन पुण्याला. त्याचा फोन रोज यायचा आणि रोज एकाच गोष्टीवर यायचा.

“आई, आपली जागा घ्यायला मोबाईलवाली पार्टी तयार आहे. रविवारी इसार घेऊन टाकू. तू इकडे ये.”

“आणि तिकडे येऊन काय करू?”

“काही करायचं नाही. आराम.”

“तोच तर इथं चाललाय,” सविताबाई म्हणाल्या. “त्यापेक्षा मी कॅमेरा घेते म्हणते. फुल फ्रेम.”

पलीकडे जीवन हसला. मग ती थट्टा नाही, हे त्याच्या लक्षात आलं. “आई, पासपोर्ट फोटोला फुल फ्रेम? अगं, चटणी वाटायला कोणी पिठाची गिरणी आणतं का?”

जीवनचं काही चूक नव्हतं. पण या फुल फ्रेमचं वेड कुठून आलं, ते सांगायला हवं.

रिळाचे दिवस होते तेव्हा मोतीलालांकडे एक भिंग होतं. लेन्स. ती लावली की दहा-बारा माणसांचं कुटुंब खोलीतल्या खोलीत फोटोत मावायचं. पुढे रीळ गेलं, डिजिटल कॅमेरा आला. लेन्स तीच लावली, आणि दोन्ही टोकांची माणसं कापली गेली! मोतीलाल मागे सरत सरत दाराबाहेर गेले, गटार ओलांडून रस्त्यावर उभे राहिले, तेव्हा कुठे सगळे मावले. त्यानंतर प्रत्येक ग्रुप फोटो रस्त्यावरूनच. रिक्षा मध्ये आली की सगळ्यांनी हसू तसंच धरून ठेवायचं.

“खोली आकसली की काय?” सविताबाईंनी विचारलं होतं.

मोतीलालांनी त्यांना खिडकीपाशी नेलं आणि एक दार लावून घेतलं. “आता सांग, रस्ता लहान झाला का? रस्ता तेवढाच आहे. तुला दिसतो कमी. या कॅमेऱ्यात फोटो जिथे उमटतो ना, ती पाटी रिळापेक्षा लहान आहे. म्हणून कडेचं कापलं जातं. रिळाएवढी पूर्ण पाटी ज्यात असते, तो फुल फ्रेम. खिडकीची दोन्ही दारं सताड उघडी! आणि पाटी मोठी, म्हणून अंधुक उजेडातही नीट दिसतं. विहारात मेणबत्त्यांवर वंदना चाललेली असते ना, तिथं फ्लॅश मारायला नको.”

“मग घ्या की.”

“घेऊ,” मोतीलाल म्हणाले होते. घेऊ घेऊ म्हणता राहूनच गेलं.

सविताबाई जळगावला जाऊन भाव काढून आल्या. फुल फ्रेममधला सगळ्यात साधा नवा कॅमेरासुद्धा लाखाच्या घरात. शिवाय जुनी लेन्स त्याला तशी बसत नाही, मध्ये एक कडी लागते, तिचे वेगळे. दुकानातल्या मुलीने विचारलं, “मॅडम, काम काय करता? त्यावर ठरतं.” सविताबाईंनी भावाचा कागद तेवढा मागून घेतला. काम तर तांब्यावर उजेड बघायचं होतं.

तेवढ्यात धुळ्याच्या हिलालचं कळलं. मोतीलालांच्या ओळखीतला हा लग्नाचा फोटोग्राफर आता धंदा सोडत होता. त्याचा वापरलेला फुल फ्रेम साठ हजारांत जाणार होता, आणि कंपनी तीच, म्हणजे जुनी लेन्स सरळ बसणार. शुक्रवारी सकाळी सविताबाईंनी लेन्स ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळून पिशवीत घातली आणि धुळ्याची एसटी धरली. भडगाव गेलं, पारोळा गेलं. खिडकीशी बसून त्या तोलत होत्या. एका पारड्यात मोतीलालांनी मागे ठेवलेली मुदतठेव. दुसऱ्यात काय? वर्षात चार ग्रुप फोटो आणि विहारातले दोन कार्यक्रम. दुसरं पारडं काही केल्या खाली येत नव्हतं.

हिलालच्या दुकानात अर्ध्या फळ्या रिकाम्या होत्या आणि अर्ध्यांवर मोबाईलची कव्हरं लटकत होती.

“या अक्का, बठा. पानी पेतस ना?” हिलालने स्टूल पुढे सरकवलं. “या वयात कॅमेरा? लोक या वयात काशीले जातस, नही तं गुडघाना डॉक्टरकडे.”

“गुडघे तुझे आधी जातील. कॅमेरा दाखव.”

“मोतीलालभाऊनी बायको शोभतस.” हिलाल हसला आणि कॅमेरा काढला. “घ्या. आते ड्रोनवाला पोऱ्या येतस, आभाळमधून नवरी काढतस. आपला बठ्ठा धंदा उठी गया.”

सविताबाईंनी लेन्स बसवून दिली. कट् करून आवाज झाला, अगदी बरोबर. हिलालने डोळ्याला कॅमेरा लावला आणि सहज म्हणाला, “अक्का, जरा उभ्या राहा, लाइट बघू द्या.”

त्यांचे पाय आपोआप चालले. हनुवटी खाली, नजर किंचित वर. हिलालने बटण दाबलं, पडद्यावर पाहिलं, मान डोलावली आणि अंगठ्याने फोटो पुसला.

“अरे, दाखवायचा तरी!”

“तो लाइटना व्हता, अक्का.”

सविताबाई खाली बसल्या. असे किती फोटो निघाले असतील? गिऱ्हाइकागणिक एक. आणि मोतीलालांनी काढलेला त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. मोतीलालांचा दोष नव्हता. ती कामाची रीतच होती. पण ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली ती आज, परक्या गावात, परक्याच्या अंगठ्यामुळे.

“दे इकडे. तू उभा राहा,” त्या म्हणाल्या.

“मी? मन्हा कोन काढस फोटो!” हजारो नवरदेवांना ‘हात असा, मान तशी’ सांगणाऱ्या हिलालला स्वतःचे हात कुठे ठेवावेत ते समजेना. शेवटी त्याने एक हात गल्ल्यावर ठेवला. मागे भंगारात काढलेला बगिच्याचा रंगवलेला पडदा अर्धवट सुटला होता. सविताबाईंनी पाऊलही मागे न घेता बटण दाबलं. सगळं आलं. पडदा, रिकाम्या फळ्या, लटकती कव्हरं, दारातून येणारा उजेड आणि मधोमध हिलाल.

हिलालने कॅमेरा हातात घेऊन फोटो पाहिला. थट्टा त्याच्या तोंडावरून उतरली.

“हाई मन्हं दुकान शे?”

“तुझंच.”

त्याने कॅमेरा टेबलावर ठेवला, परत उचलला. मग खाली बघत म्हणाला, “अक्का, राग नका मानू. हाऊ कॅमेरा माले नही इकाना.”

“अरे, विकायचा नाही? मी पाचोऱ्याहून आले!”

“चुकनं मन्हं. गाडीभाडं देस मी.”

“भाडं ठेव तुझ्या गल्ल्यात.” सविताबाईंना राग आला होता, पण तो कोणावर काढावा ते कळेना. माल किती मोलाचा आहे, हे त्यांनीच मालकाला दाखवून दिलं होतं. “एक कर मग. माझा एक काढ. आणि पुसलास तर बघ.”

हिलालने काढला. फोटो फोनवर घेऊन दिला, चहा पाजला, स्टँडपर्यंत पोहोचवायला आला.

परतीच्या एसटीत त्यांनी फोटो उघडला. हिलालचं दुकान कडेपासून कडेपर्यंत दिसत होतं. त्यात त्या स्वतः, एका बाजूला सरकून. लाइटला उभं राहायची सवय; शेजारी दिवा असायचा आणि दिव्याशी मोतीलाल, म्हणून उजवीकडे जागा सोडलेली. आता तिथे काही नव्हतं. जुन्या कॅमेऱ्यात ती जागा कापली गेली असती. यात ती भरपूर आली होती. पारोळ्यापर्यंत त्या ती जागाच बघत राहिल्या. असा कॅमेरा घरात आणला तर तो ही जागा रोज दाखवणार. घ्यावा का तो?

पाचोऱ्याला दिवे लागले होते. कुलूप काढताना जीवनचा फोन आला.

“मिळाला का?”

“नाही. त्याने विकायचंच रद्द केलं.”

“बरं झालं, आई. मग रविवारी—”

“इसार घेऊ नकोस, जीवन.”

“कॅमेरा तर मिळाला नाही ना?”

“हिलालचा मिळाला नाही. जळगावला मिळतो.”

“एक लाख, आई! कशासाठी? कोणाचे फोटो काढणार आहेस?”

जळगावच्या मुलीनेही हेच विचारलं होतं. “जो येईल त्याचा,” सविताबाई म्हणाल्या. “सगळा मावेल असा. दिवाळीला तुम्ही सगळे या. रस्त्यावर जाऊन काढणार नाही मी.”

जीवनने एवढंच विचारलं, “जेवलीस का?”

“जेवते.”

त्यांनी स्टुडिओतले दोन्ही दिवे लावले. लाल खूण आता जेमतेम दिसत होती. तिच्यावर स्टूल ठेवलं, स्टुलावर तांब्या ठेवायला हात गेला आणि थांबला. भिंतीवरून त्यांनी मोतीलालांची तसबीर उतरवली, पदराने काच पुसली आणि ती स्टुलावर टेकवून ठेवली.

“जरा उभे राहा,” त्या म्हणाल्या, “लाइट बघू द्या.”

काच चकाकली. त्यांनी दिवा थोडा मागे घेतला, स्टूल तिरकं केलं, पुन्हा बघितलं. मग जुन्याच कॅमेऱ्याचं बटण दाबलं. पडद्यावर फोटो आला. सवयीने अंगठा पुसायच्या बटणावर गेला. तिथून तो त्यांनी उचलून घेतला.

मग दार ओढून त्या शेजारच्या बियाण्यांच्या दुकानात गेल्या आणि सकाळी जळगावला पहिली गाडी कितीला आहे, ते विचारून आल्या.