तिचं दुखणं माझ्याकडे

राजकन्येचा रक्षक म्हणून शपथ घेतली की तिची प्रत्येक जखम रक्षकाच्या अंगावर उमटते. ती घोड्यावरून पडली, खांदा माझा निखळला. गरम दूध ती प्यायली, जीभ माझी पोळली.

पुढे आमचं जुळलं. "लग्न करीन तर तुझ्याशीच," खांद्याला मलम लावता लावता ती म्हणाली आणि मी मूर्खासारखा हुरळून गेलो.

मग तिच्या वडिलांनी शेजारच्या राजाला परस्पर होकार देऊन टाकला. ऐकताच माझ्या छातीत अशी कळ आली की मी भिंत धरून खालीच बसलो. एकट्या माणसाला एवढं दुःख होत नाही. त्यातलं निम्मं तिचं होतं.

ती मात्र आरशासमोर लग्नाचा हार घालून बघत होती.

"पळून जाऊ या," मी म्हणालो.

"मला वाटलं होतं, रडून रडून जीव जाईल माझा," ती गोंधळून म्हणाली. "पण खरं सांगू? काहीच दुखत नाहीये. म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम नव्हतंच, नाही का रे?"

"अगं, तुझं दुःख इथे आलंय, माझ्याकडे!"

"काहीतरीच! शपथ फक्त जखमांची असते. हाराची कडी लाव बघू मागून."

मी कडी लावली. ती टोचली तिच्या मानेला, रक्त आलं माझ्या. तिने आरशात फक्त हार पाहिला.