हळू आवाजातला फोन

इमारतीत तिला सगळे भोंगा म्हणत. आईबाबा मात्र कानाच्या पाळीला दोनदा बोट लावून तिला हाक मारत. दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं आणि घरातले कान म्हणजे ही एकटी. बँक, गॅसवाला, बाबांच्या फोटो-फ्रेमच्या दुकानातली गिऱ्हाइकं, सगळ्यांचे फोन हिच्याच नंबरवर. सहा वर्षांची असताना तिने गळक्या नळावरून घरमालकाशी हुज्जत घातली होती आणि नळ बदलून घेतला होता. आता सव्विसाव्या वर्षी ती एका कुरिअर कंपनीच्या तक्रार-खिडकीवर बसत होती. घरीही ऐकायचं आणि पगारासाठीही ऐकायचं! एखादीचं डोकं फिरलं नसतं तरच नवल.

म्हणूनच उत्तर युरोप. एकटीने, सोळा दिवस. तिकडे म्हणे अनोळखी माणसं विनाकारण तोंड उघडत नाहीत, बसथांब्यावरसुद्धा हातभर अंतर ठेवून उभी राहतात. हे वाचलं आणि तिचा जीव तिथेच अडकला. सोळा दिवस कुणीही बाही ओढून ‘काय म्हणाला तो?’ असं विचारणार नव्हतं.

बाबांच्या दुकानातल्या एका पुठ्ठ्यावर तिने सोळा चौकोन आखले. चार मुक्काम रात्रीच्या बसमध्ये, म्हणजे खोलीचं भाडं वाचलं. बाकीचे आठ-आठ खाटांच्या हॉस्टेलात. बोटीवर केबिन नाही, नुसती खुर्ची. खाण्याला ओट्सची पाकिटं, प्यायला नळाचं पाणी. रेनकोट ऑफिसातल्या मैत्रिणीचा, काखेत उसवलेला. तो आईने शिवून दिला. विमानाचं तिकीट सगळ्यांत स्वस्त होतं. जायचं नऊ तारखेला, आणि रद्द केलं तर दमडीही परत नाही.

आणि मग आईच्या गळ्याला गाठ आली. डॉक्टर म्हणाले, “घाबरायचं कारण नाही, पण सुई घालून तपासू. उगाच वेळ काढू नका.” हे तिने आईला हातांनी सांगितलं, अगदी शब्दाला शब्द. चार दिवसांनी हॉस्पिटलातून फोन आला आणि तारीख मिळाली, चौदा.

त्या वेळी ती ओट्याला टेकून उभी होती. समोर टेबलाशी आई तिच्याच सॅकला आतून चोरखिसा शिवत बसली होती, पासपोर्टसाठी.  चौदाला भोंगा पुठ्ठ्यावरच्या सहाव्या चौकोनात असणार होती. आईबरोबर कोण जाणार? तिथल्या माणसांचं बोलणं आईला कोण सांगणार? मग तिने आवाज एकदम खाली आणला आणि फोनमध्ये काहीतरी बोलली. फोन ठेवून तिने हात पुसले आणि हातांनी म्हणाली, “हॉस्पिटलने तारीख दिली. अठ्ठावीस.”

“बरं,” आईचे हात म्हणाले आणि पुन्हा सुई-दोऱ्याकडे वळले.

नुसते चौदा दिवस! गाठ काय चौदा दिवसांत पळून जाणार होती? असं ती स्वतःला दिवसातून दहादा समजावत होती. तरी रात्री डोळा लागेना. जेवताना नजर सारखी आईच्या गळ्यावर जाई. ती गाठ वाढल्यासारखी वाटे, मग नाही वाटे, मग पुन्हा वाटे. ऑफिसात एक बाई हरवलेल्या पार्सलसाठी रडली, तर ही तिच्यापेक्षा जास्त रडली. तीनदा तिने हॉस्पिटलचा नंबर लावला आणि तीनदा कापला. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त वाटत होती ती जायची ओढ. ही ओढ काही केल्या मरत नव्हती.

तीन तारखेला शनिवार होता. अर्धा दिवस भरून ती दुपारी घरी आली तर आई नाही. बाबांनी खांदे उडवले. “सकाळीच गेली. बाजारात असेल.”

“सकाळपासून बाजारात?”

बाबांनी नजर चुकवली. आता हे सद्गृहस्थ खोटं बोलायला लागले की चष्मा पुसतात, आणि आज चष्मा चकचकीत होता. तिने आईला मेसेजवर मेसेज केले. उत्तर नाही. चार वाजता दाराची कडी सरकली आणि आई आत आली. गळ्यावर कापसाचा बोळा, त्यावर चिकटपट्टी.

आईने चपला काढल्या, पाणी प्यायली आणि पर्समधून एक घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. आईचं ठळक अक्षर होतं.

‘मला ऐकू येत नाही. लिहून बोला. तारीख आधीची हवी.’

खाली कुणाचं तरी घाईतलं अक्षर: ‘आज एक पेशंट आला नाही. थांबाल?’

‘थांबते.’

‘सोबत कोण आहे?’

‘कुणी नाही. मुलगी परदेशात गेली आहे.’

तिने तो कागद तीनदा वाचला. ती तर इथेच होती, सहा किलोमीटरवर, खिडकीमागे लोकांची पार्सलं शोधत. खुणा नीट होईनात. “तुला कधी कळलं?”

“त्याच दिवशी.”

“कसं? मी तर किती हळू...” आणि तिचे हात हवेतच थांबले.

आईला परक्या माणसांचे ओठ वाचता येत नसत, पण लेकीचे येत. सव्वीस वर्षं ती तेच वाचत आली होती. या घरात काही लपवायचं तर पाठ फिरवावी लागते, हे भोंग्याला बोलायला लागायच्या आधीपासून ठाऊक होतं. दिवसभर ऐकणाऱ्यांमध्ये बसून तिची सवय बदलली होती. तिने आवाज लपवला आणि तोंड तसंच आईसमोर ठेवलं.

“काय वाचलंस?”

आईने कागदाची परत घडी घातली. मग एकेक खूण सावकाश केली, तक्रार न करता. “‘अठ्ठावीस द्या. नाही, आईला विचारायची गरज नाही.’”

भोंगा खुर्चीत बसली आणि हुंदके देऊन रडली. आईने रडू दिलं. डोक्यावरून हातही फिरवला, पण जवळ ओढलं नाही.

“मी जात नाही,” ती शेवटी म्हणाली.

“जायचं. मी एकटी जाऊन आले. तुला काय धाड भरली आहे?” आईने सॅक ओढून घेतली, चोरखिशात बोटं घालून टाके ताणून पाहिले. “रिपोर्ट तेरा तारखेला आहे. तेव्हा तू कुठे?”

तिने पुठ्ठ्याकडे पाहिलं. “बोटीवर.”

“रिपोर्ट मी आणीन, मीच वाचीन,” आई म्हणाली. “तुला काय सांगायचं, ते मी ठरवीन.”

मग तिने सॅक लेकीच्या मांडीवर ठेवली आणि चहाचं आधण ठेवायला उठली.