लाँड्रीमागचा पत्ता

"पोलीस आहात का?" दुबिकी म्हाताऱ्याने जाळीच्या दाराआडून विचारलं.

"नाही हो. सरकारी चौकशी. रूथॅन ओकलीला हवाई तळावर रडार दुरुस्तीची नोकरी मिळायची आहे. गुप्त काम आहे, म्हणून तिच्या ओळखीच्यांशी बोलते. ती समोर मावशीकडे राहायची ना?"

"राहायची कसली! टपाल न्यायला यायची. दारातून आत पाऊलसुद्धा टाकायची नाही."

डोरीन कोवालचिकच्या कपाळावर आठी पडली नाही. या धंद्यात चेहरा घरी ठेवून यायचा असतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या लहान गावांतून दारोदार हिंडून, लोकांची पाणचट कॉफी पिऊन ती म्हातारी व्हायला आली होती. कोण पितो, कोण खोटं बोलतो, कोण कुणाच्या दबावाखाली येईल, हेच विचारत. उमेदवार जी नावं देतो ती सगळी 'आपला तो बाब्या' म्हणणारी. म्हणून प्रत्येक दारातून निघताना ती एक प्रश्न हमखास टाकायची.

"तिला आणखी कोण ओळखतं?"

"कोपऱ्यावर वांडाची लाँड्री आहे. तिला विचारा."

रूथॅनने तर शपथेवर लिहून दिलं होतं, की ती पाच महिने मावशीकडे राहिली. या कामात कर्ज माफ होतं, जुनी दारू माफ होते, पण खोटं माफ होत नाही. पोरीने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

वांडा चादरीच्या घड्या घालत होती. "त्या पोरीला अडकवायला आल्या असाल तर मी काही बोलणार नाही," ती म्हणाली.

"अडकवायचं मलाही नाही. पण खोटंही लिहायचं नाही मला."

वांडाने हातातली घडी पुरी केली. "मावशीचा नवरा रात्री तिच्या खोलीचं दार वाजवायला लागला, म्हणून निघाली ती. इथं मागे गाडी लावायची आणि गाडीतच झोपायची. सकाळी माझ्या नळावर तोंड धुऊन कामावर. कुणाला बोलली नाही. लाज वाटायची हो तिला!"

बाहेर येऊन डोरीनने साहेबाला फोन केला. ब्रेंट तसा वाईट माणूस नव्हता, पण घोड्यावर बसूनच जन्माला आलेला.

"खोटा पत्ता आहे ना? मग उद्या तिच्या तोंडावर फेक आणि फाइल बंद कर. ढीग पडलाय इथं."

"आधी तोंडावर फेकलं, तर नंतर ती कितीही खरं बोलली तरी फुकट, ब्रेंट. मी आधी विचारणार."

नियमच होता तसा. पुरावा समोर येण्याआधी माणसाने आपणहून चूक सुधारली, तर ते त्याच्या बाजूने धरलं जातं. पुरावा दाखवल्यावर कबूल करणं म्हणजे चोर पकडल्यावरचं रडणं. हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि घाईत कुणालाच आठवत नाही. मात्र उत्तर सुचवायची डोरीनलाही बंदी होती. फक्त विचारायचं, आणि गप्प बसायचं.

गावच्या वाचनालयातल्या लहानशा खोलीत रूथॅन समोर येऊन बसली. इस्त्रीचा शर्ट, नखांत ग्रीस.

"राहण्याचे पत्ते पुन्हा एकदा पाहू," डोरीन म्हणाली. "प्रत्येक ठिकाणी तुम्ही खरोखर राहत होता का? काही दुरुस्त करायचं असेल तर आत्ता सांगा."

रूथॅन टेबलाकडे बघत राहिली. दुसऱ्या कुणी कीव येऊन मध्येच तोंड उघडलं असतं. डोरीनने उघडलं नाही. मनात मात्र तिचा धावा चालला होता. बोल गं बाई, बोल एकदाची!

"मावशीचा पत्ता खोटा आहे," रूथॅन म्हणाली. "मी गाडीत राहायचे. लाँड्रीमागे. गाडीला कुठला आलाय पत्ता? आणि खरं सांगू, लोकांना कळू नये असंही वाटत होतं."

"ही गोष्ट उघड करीन अशी धमकी देऊन तुमच्याकडून कुणी काही काढून घेऊ शकेल?"

"आता काय डोंबल काढणार? आत्ताच तर सरकारला सांगून बसले."

डोरीनला हसू फुटता फुटता राहिलं. नोकरी देण्या-न देण्याचा निर्णय तिच्या हातात नव्हता, पण लिहिणं होतं. तिने मावशीचा नवरा लिहिला, वांडाची साक्ष लिहिली, आणि कुणी पुरावा न दाखवता, न धमकावता पोरगी खरं बोलली हे ठसठशीत लिहिलं. पुढे काय झालं ते तिला कुणी कळवलं नाही. कधीच कळवत नाहीत. बाळंतपण करावं आणि बाळाचं तोंडही पाहू नये, असा हा धंदा.

तीन वर्षांनी ती तळावरच्या दुसऱ्याच एका पोराची चौकशी करत होती. "याला आणखी कोण ओळखतं?" असं विचारल्यावर एकजण म्हणाला, "आमच्या रडार विभागाच्या मुकादमीणबाई. त्यांना विचारा." डोरीनने त्यांच्या घरी जाऊन दार वाजवलं, आणि ते रूथॅन ओकलीने उघडलं.

दोघींनी एकमेकींना लगेच ओळखलं. मग डोरीनने रीतीप्रमाणे ओळखपत्र दाखवलं आणि वही काढली.

"साक्षीदाराचा पत्ता?"

रूथॅन ताठ उभी राहिली. घर क्रमांक, रस्ता, गाव, सगळं तिने सावकाश, खणखणीत सांगितलं.

"स्वतःचं घर आहे. आणि झोपतेही इथंच," ती हसून म्हणाली. "हवं तर शेजाऱ्यांना विचारा!"

डोरीनने मान खाली घालून पत्ता लिहिला. डोळे भरून आले होते, त्यामुळे अक्षर जरा मोठंच आलं.