अकरा पँटींतली वाळू

समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर होता, तरी तीन वर्षांत घरातल्या कुणाच्या पायाला वाळू लागली नव्हती. लढाई पेटली त्याच महिन्यात लष्कराने किनाऱ्याला काटेरी तार ओढली आणि पाट्या ठोकल्या : ‘पुढे सुरुंग आहेत.’ त्याआधी रविवार म्हणजे समुद्र, हे ठरलेलंच. डबा बांधायचा, छत्री काखोटीला मारायची आणि घराला कुलूप लावायचं. आता समुद्र नुसता कानांनी ऐकायचा.

वहिनींना अख्खं गाव वहिनीच म्हणे. नवरा आघाडीवर, घरात म्हातारे सासरे आणि सहा वर्षांची लेक भिंगरी. तार ओढली तेव्हा पोर तीन वर्षांची होती, तिला समुद्र आठवतही नव्हता. वहिनी छावणीच्या धुलाईखान्यात काम करत. सोमवारी मळके कपडे निवडायचे, खिसे तपासायचे आणि बाकीचे दिवस इस्त्री. खिशांत काय सापडायचं नाही! आगपेट्या, अर्धवट पत्रं, तुटकी बटणं.

एका सोमवारी त्यांनी एक पँट झटकली आणि पायाशी वाळू सांडली. वहिनींनी चिमूटभर उचलून जिभेला लावली. खारट! त्यांनी दुसरी झटकली, तिसरी झटकली. अकरा पँटी, आणि सगळ्यांवर चिठ्ठी एकाच चौकीची : उत्तर टोक. पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्या सोमवारी एका खिशातून शिंपलाही निघाला.

संध्याकाळी त्यांनी वाळूची पुडी सासऱ्यांपुढे उघडली. म्हाताऱ्याने आयुष्यभर होडी वल्हवली होती. बोटांत चोळताच म्हणाला, “ही उत्तरेकडचीच. पण सूनबाई, सुरुंगावर पोहतं का कुणी?”

“तेच म्हणते मी, बाबा. उद्या छावणीच्या मेजरसाहेबांनाच विचारते.”

“साहेबाला? नोकरीवरून काढेल तो तुला!”

“काढू दे. मग स्वतःच्या गणवेशाची घडी स्वतःच बसवेल.”

बोलायला बोलल्या, पण दुसऱ्या दिवशी साहेबांचा गणवेश हातावर घेऊन कचेरीत शिरताना वहिनी दोनदा दाराशी थबकल्या. त्यांनी गणवेश खुंटीला लावला आणि टेबलावर पुडी ठेवली.

“हे काय?” मेजरसाहेबांनी विचारलं.

“तुमची वाळू, साहेब. धुलाईत आली होती, परत आणली. उत्तर चौकीच्या अकरा पँटींतून. तीन सोमवार झाले.”

साहेबांच्या भुवया वर चढल्या. “पोहतात काय लेकाचे! बघतोच एकेकाला.”

“त्यांना शिक्षा करू नका. पोरंच आहेत, कधी कुठे पाठवाल त्याचा नेम नाही, तोवर पोहू देत. माझं म्हणणं एवढंच, जिथे तुमची पोरं सुखरूप पोहतात, तिथे आमची का नकोत?”

साहेब खुर्चीत मागे रेलले. पुडी बोटाने फिरवत म्हणाले, “त्या टोकाला सुरुंग पेरलेच नाहीत. पाण्याखाली खडक आहेत, शत्रूची होडी तिथे लागूच शकत नाही. पण हे गावाला कळलं, म्हणजे चारचौघांतून शत्रूपर्यंत जाणार. छावणीच्या गोष्टी बाहेर फुटून चालत नाहीत, बाई.”

वहिनींचा आवाज खाली आला. “साहेब, कुठल्या तुकडीचे कपडे येतात ते मला कळतं. कुठल्या तुकडीचे यायचे थांबले तेही कळतं. तीन वर्षांत माझ्या तोंडून एक शब्द बाहेर गेलाय? गावही असंच तोंड मिटून राहील.”

साहेबांनी कागद समोर घेतला. मग दौत पुढे ओढली. “रविवारी सकाळी आठ ते दहा. फक्त उत्तर टोक. पहिल्या दिवशी मी स्वतः हजर राहीन.”

“दहा?” वहिनींना आता चांगलाच धीर चढला होता. “आमच्याकडे डबा उघडेपर्यंतच दहा वाजतात. अकरा करा.”

साहेबांनी दहा खोडून अकरा केले.

रविवारी सकाळी अख्खं गाव तारेपाशी लोटलं. टोपल्या, चटया, छत्र्या, कडेवरची पोरं. जवानांनी तार बाजूला केली, साहेबांनी “या!” म्हणून हात केला, पण पाऊल कुणी उचलेना. तीन वर्षं पाटी वाचून भीती हाडांत भिनली होती. वहिनीही तारेपाशीच थांबल्या. समोर रात्रीच्या भरतीने धुतलेली वाळू कोरी करकरीत पसरली होती.

“सरका बाजूला,” सासरे म्हणाले. “माझी सत्तरी उलटली. उडालोच तर सरळ वरच जाईन, वाट तरी चुकायला नको!”

“थांबा बाबा, एकटे नाही जायचं.” वहिनींनी एका हाताने त्यांचा हात धरला, दुसऱ्या हाताने भिंगरीचा, आणि तिघं निघाली. दहा पावलं. वीस पावलं. मागे गाव श्वास रोखून उभं. पन्नासाव्या पावलाला म्हाताऱ्याने हात सोडवला आणि लंगडत, हसत, कपड्यांसकट पाण्यात शिरला. “अरे, या रे!” त्याने तिथूनच आरोळी ठोकली.

मग धरण फुटावं तसं गाव धावलं. चपला उडाल्या, टोपल्या कलंडल्या. उत्तर चौकीचे जवान कान पकडून वहिनींसमोर उभे राहिले. “वहिनी, तुम्ही आम्हाला पकडून दिलंत!”

“पकडून दिलं आणि सोडवलंही,” त्या म्हणाल्या. “आता त्या खडकापलीकडे पोरं जाणार नाहीत, ते बघा.” जवान हसत हसत पहाऱ्याला पाण्यात उतरले.

भिंगरी मात्र आईच्या पायाला चिकटून होती. पहिली लाट घोट्याला लागली तशी ती किंचाळली. मग तिने कमरेवर हात ठेवले आणि दरडावून म्हणाली, “मागे हो!”

लाट मागे गेली.

“आई! ऐकतो हा माझं!”

तिचं बघून शेजारची पोरं ओरडू लागली, मग त्यांच्या आया, मग टोपी सावरत उभा असलेला पोस्टमनसुद्धा. तीन वर्षं जो तो या गावाला हुकूम सोडत आला होता : दिवे मालवा, रांगेत उभे राहा, पुढे जाऊ नका. आज ते गाव गुडघाभर पाण्यात उभं राहून समुद्राला हुकूम सोडत होतं. वहिनींनी पदर खोचला, घसा साफ केला आणि सगळ्यांच्या वरताण आवाजात ओरडल्या, “मागे हो!”

आणि समुद्र मागे झाला.